सुकटीचा वास

२ एप्रिल

आले एकदाची. साताऱ्याहून निघताना दादाने तोंड वाकडं केलं होतं, म्हणे शहापूर म्हणजे जंगल. त्याला आत्ताच फोन करून सांगितलं की जंगलात दोन लिफ्ट आहेत, पाइपातून गॅस येतो आणि वाघ अजून भेटायचा आहे.

इमारतीचं नाव गिरिजा रेसिडेन्सी. आसनगाव स्टेशनावरून रिक्षाने शहापूरकडे निघालं की डाव्या हाताला लागते. तिन्ही बाजूंना भाताची शेतं आणि मधे ही एकटी उभी. मी इथली मॅनेजर. लॉजच्या काउंटरवर उभं राहून लोकांना चाव्या देण्यात इतकी वर्षं गेली, आता मला बसायला खुर्ची आहे आणि तळमजल्यावर राहायला खोली. खोली आणि ऑफिस भिंतीला भिंत लागून, म्हणजे कामावर जायला चप्पलसुद्धा घालायला नको.

सोसायटीचे अध्यक्ष साईनाथदादा, हौशी माणूस. त्यांनी गच्चीपासून बेसमेंटपर्यंत सगळं फिरवून दाखवलं. बेसमेंटमध्ये गाड्या लागतात. गाड्या उतरायच्या उताराखाली एक खोली काढली आहे, तिथे वॉचमन लखमा आणि त्याची बायको सकुबाई राहतात. दोघं मुरबाडच्या डोंगरातल्या वाडीवरची, वयाने माझ्या आईवडिलांएवढी. गॅसचा मोठा पिवळा पाइप त्यांच्याच दारावरून पुढे जातो. सकुबाईने त्यावर लुगडं वाळत घातलं होतं. मॅनेजर म्हणून मी दटावलं, ती हसली, लुगडं काढलं आणि मला चहा दिला.

माझ्या ऑफिसच्या भिंतीवर आगीची सूचना देणारी लाल पेटी आहे. कंपनीचा माणूस येऊन ती समजावून गेला. बेसमेंटच्या छताला धुराची यंत्रं, जमिनीलगत गॅसची, कारण इथल्या पाइपातला गॅस सिलिंडरचाच, हवेपेक्षा जड, खाली बसतो. काहीही झालं तरी भोंगा तोच एक वाजणार, पेटीवरचा दिवा मात्र वेगळा, धुराचा पिवळा आणि गॅसचा लाल. तो हे सांगत होता तेव्हा मी पलंग खिडकीशी लावावा की भिंतीशी याचा विचार करत होते. मान डोलावली आणि त्याच्या कागदावर सही केली.

६ एप्रिल

सकुबाईचं आणि माझं जमलं. ती मला बाय म्हणते. आज दारात पळसाच्या पानांची पुडी ठेवून गेली, वरून दोरा गुंडाळलेला. आत सुके बोंबील. मी घाटावरची, बोंबील भाजताना खोलीभर वास सुटला तेव्हा वाटलं, झाली चूक. मग भाकरीबरोबर खाल्ले आणि बोटं चाटत बसले. तिला सांगितलं तर म्हणाली, "पावसाच्या आधी भरायचीच हाय गो बाय. तुझी पुडी येगळी काढीन." पावसात मासळी मिळत नाही म्हणून इथे घरोघरी मे महिन्यात सुकट-बोंबील भरून ठेवतात. सकुबाई जास्तीचं आणते आणि इमारतीतल्या बायकांना देते.

तिची एक रीत मला फार आवडली. तिन्हीसांजेला ती खोलीच्या उंबऱ्यात दिवा लावते आणि नंतर आपल्या हाताने विझवते, पण फुंकर मारत नाही. दिव्याला तोंडाचा वारा लागू नये म्हणे. पदराचं टोक धरून हलकेच वारा घालते आणि ज्योत वाकून निमूट विझते. मी करून बघितलं तर दिवा काही विझला नाही, पदर मात्र तेलकट झाला. ती बराच वेळ हसत होती.

१२ एप्रिल

शेजारच्या चंदरने राब भाजायला घेतला आणि आमची झोप उडाली. राब म्हणजे ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची तिथे पालापाचोळा, फांद्या, शेण पसरायचं आणि जाळून काढायचं. तो सगळा धूर सकाळी जमिनीलगत येतो आणि उतारावरून थेट आमच्या बेसमेंटमध्ये शिरतो. पिवळा दिवा लागतो आणि भोंगा सुरू. पहिल्या दिवशी माणसं पोरंबाळं घेऊन खाली धावली. दुसऱ्या दिवशी काहीच जण आले, तेही भांडायला. आज कुणीच आलं नाही, सगळ्यांनी फोन केले.

चंदरला जाऊन सांगितलं, बाबा रे, जरा दमाने घे. तो म्हणाला, "राब नाय भाजला तं भात काय तुमच्या लिफ्टमंदी लावू?" मॅनेजर बांधावरून परत फिरली. शेत त्याचं आधीपासूनचं, आपण मागून आलो.

१७ एप्रिल

भोंग्याचा बंदोबस्त केला. साईनाथदादा सकाळीच येऊन म्हणाले, "म्याडम, लोकं कामावरनं थकून येतात, झोप नाय कुणाला. कायतरी करा." काय करा ते बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पेटी उघडली, स्क्रू सैल करून भोंग्याची तार काढली आणि टोकाला चिकटपट्टी लावली. पिवळा दिवा दिवसभर डोळे मिचकावत राहतो, त्याचाही वैताग, म्हणून पेटीवर मोठं कॅलेंडर टांगलं. राब संपले की तार परत लावायची.

दुपारी चौथ्या मजल्यावरून वाटीभर श्रीखंड आलं. मी आल्यापासून इमारत शांत झाली, असा निरोपही होता. खरं सांगायचं तर माझी मान जरा ताठ झाली.

९ मे

राब कधीच संपले. तार लावायची राहिली आहे. टँकरवाल्याची मनधरणी करण्यात दिवस जातो, आज करू उद्या करू असं चाललं आहे.

सकुबाईची सुकट आली, चांगलं पोतंभर. बायका खाली जाऊन पिशव्या भरून घेऊन येतात आणि वर पोचल्या की मला फोन करतात, म्याडम, बेसमेंटमध्ये सुकटीचा वास येतो. मी म्हणते, हो, तुमच्या पिशवीतही येत असेल.

१३ मे

वास वाढला आहे. कुजकट, नाकात बसणारा. बोंबलांचा वास मला एव्हाना आवडायला लागला होता, हा आवडण्यासारखा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने तर गाडी रस्त्यावर लावायला सुरुवात केली. शेवटी मी खाली जाऊन सकुबाईला म्हटलं, पोतं इथून हलव. तिला राग आला, तो मी पहिल्यांदाच पाहिला. "माझी सुकट अशी नाय वासत," एवढंच बोलली आणि पाठ फिरवली.

मला हसू आलं. कोणत्या बाईला आपल्या सुकटीचा वास येतो? संध्याकाळी लखमा पोतं रिक्षात घालून सापगावला तिच्या बहिणीकडे ठेवून आला.

१५ मे

पोतं गेलं, वास तसाच आहे. भिंतीत मुरला असणार, बंद जागा आणि वाऱ्याला वाट नाही. साईनाथदादांचंही तेच मत पडलं. घरात असा कुबट वास आला की आमची आई शेणीचा विस्तव करून त्यावर ऊद टाकायची. मी स्वतः शहापूरच्या बाजारातून ऊद आणला. सकुबाईला म्हटलं, उद्या दार लावून घे आणि खोलीत चांगला धूर कर, वास पळतो की नाही बघ. अजून रुसलेली होती, पण पुडी घेतली.

एक बरं आहे, भोंग्याची तार काढलेली आहे. नाहीतर तिच्या धुराने पुन्हा सगळी इमारत डोक्यावर घेतली असती.

१६ मे

जे झालं ते लिहिते.

दुपारी खालून दणका आला. ऑफिसच्या खिडकीची काच माझ्या टेबलावर येऊन पडली. मी उताराच्या तोंडाशी धावले. आतून धूर येत होता आणि त्या धुरातून सकुबाई चालत वर आली. आपल्या पायांनी आली. अंगावर लुगडं नव्हतं, जे होतं ते लुगडं नव्हतं. मला बघून बाय म्हणाली आणि खाली बसली.

बाकी कुणाला खरचटलंही नाही. आग लगेच विझली, सकुबाईला आधी शहापूरला आणि तिथून ठाण्याला नेलं. सगळे रस्त्यावर उभे होते तेव्हा मी ऑफिसात एकटी होते. कॅलेंडर उचललं. पिवळा दिवा विझलेला होता. लाल लागलेला होता.

किती दिवस लागलेला होता मला माहीत नाही. भोंगा वाजला असता. सुकट होती तेव्हाही वाजला असता, पोतं गेलं तेव्हाही, मी ऊद आणायला बाजारात गेले होते तेव्हाही.

मी तार परत लावली. खाचा दोन होत्या, पहिली कोणती ते आठवेना. एकीत कोंबली, स्क्रू पिळला. लाल दिवा असून भोंगा वाजला नाही, म्हणजे खाच चुकली होती, पण दुसरी बघायला वेळ नव्हता, चिकटपट्टी मुठीत लपवून बाहेर आले. येताना पेटीचं बटण बंद करून चालू केलं. लाल दिवा गेला.

१७ मे

चौकशीला पोलीस आणि अग्निशमनची माणसं आली. सकुबाईच्या खोलीत छोटा सिलिंडर आणि शेगडी होती, जळून काळी झालेली. त्यावर सगळ्यांचं बोट गेलं आणि तिथेच थांबलं. वरच्या पाइपाकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. मला विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? मी म्हणाले, मी तिला कितीदा सांगितलं होतं की बेसमेंटमध्ये सिलिंडर ठेवू नको. एकदाही सांगितलं नव्हतं. त्याच शेगडीवरचा चहा मी रोज पीत होते.

मग सगळ्यांसमोर लखमा बोलला. "बायनंच धूप कराया सांगितला व्हता." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, मी असं काही सांगितलेलं नाही. आवाजही कापला नाही माझा. साईनाथदादांनी लखमाच्या खांद्यावर हात ठेवला, माणूस दुःखात आहे, काहीही बोलतो, असं म्हणाले. लखमा नुसता माझ्याकडे बघत राहिला. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

२० मे

सकुबाई गेली. ठाण्याच्या हॉस्पिटलात, सकाळी.

लखमा सामान न्यायला आला, पण न्यायला काही उरलंच नव्हतं. जाताना माझ्या दारात पळसाच्या पानांची पुडी ठेवली, दोरा गुंडाळलेली. सापगावला पोतं पाठवताना सकुबाईने बहिणीला निरोप दिला होता, त्यातले चांगले बोंबील बायसाठी काढून ठेव. "तिनं तुमच्या नावाचं काढलेलं," तो म्हणाला आणि गेला. म्हणजे ज्या दिवशी ती माझ्यावर रुसली होती त्याच दिवशी.

पुडी उघडवत नाही आणि टाकवतही नाही. कपाटात ठेवली आहे. मी मारलं तिला. इथे लिहिते आहे, तोंडाने कुणाला सांगायचा धीर मला नाही.

११ जून

नवीन वॉचमन आला. जगन, आणि त्याची बायको अंजू. तीही मुरबाडकडचीच, कोवळी पोर आहे, पाचवा महिना लागलाय. खोलीला चुना काढला, पाइपाला नवा पिवळा रंग दिला आणि गॅस पुन्हा सोडला. रंग देताना पाइप तपासला असेलच, असं मी धरून चालले. इमारतीने त्यांना विजेची शेगडी दिली. सगळे म्हणतात, आता काळजी नाही.

बेसमेंटमधली यंत्रं मात्र जळून गेली आहेत. खाली धूर होवो की गॅस, पेटीला आता काही कळत नाही. कंपनीच्या माणसाला बोलवायचं काम माझ्याकडे आहे. तो आला की आधी पेटी उघडणार, आणि तार चुकीच्या खाचेत आहे हे त्याला बघताक्षणी दिसणार. मग विचारणार की हिला हात कुणी लावला. साईनाथदादांना मी सांगितलं, तो पावसानंतर येतो म्हणाला. मी त्याला फोन केलेलाच नाही.

अंजू तिथे झोपते. हे मला माहीत आहे. रोज ठरवते की आज फोन करायचा.

२६ जून

आज अंजू ऑफिसात येऊन टेकली. सहज सांगितल्यासारखं म्हणाली की उंबऱ्यातला दिवा टिकत नाही. वारा नसतो, तेल असतं, तरी लावला की विझतो. मी म्हटलं, वात नीट वळ.

मग ती म्हणाली, "वात नाय वं बाय. कुणीतरी म्हातारी पदर हालवते तसा वाटतं. पहिल्यांदा ज्योत वाकते, मंग जाते." आणि ओशाळून हसली.

मी तिला कधी काही सांगितलेलं नाही. सकुबाई दिवा कसा विझवायची ते या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

४ जुलै

तिन्हीसांजेला स्वतः खाली गेले. अंजूने माझ्यासमोर दिवा लावायला काडी ओढली. काडी पेटली आणि विझली. दुसरी पेटली, वातीपर्यंत गेली, ज्योत उभी राहिली. बाहेर पाऊस होता, आत पानही हललं नसतं. ज्योत एका बाजूला वाकली, हळूच, कुणी समजूत घालावी तशी. आणि गेली.

अंधारात वास होता. तोच, सुकटीचा. पायाशी जास्त. माझ्या घोट्याला काहीतरी मऊ लागलं, लुगड्याच्या काठासारखं.

अंजू म्हणाली, "आजी आली." तिला भीती वाटत नाही. मी उतारावरून वर पळत आले ती खोलीत येऊनच थांबले.

९ जुलै

वास आता माझ्या खोलीत आहे. फरशीवर. पलंगावर बसलं की कमी होतो, खाली उतरलं की पायाशी असतो, ती तिथे बसल्यासारखा.

कपाटातली पुडी शेतात नेऊन टाकली. चंदरची लावणी चालली होती, त्याने बघितलं आणि पुन्हा रोपं लावायला वाकला. परत आले तर वास तसाच. शेजारणीला विचारलं, येतो का हो वास? म्हणाली, पावसाळ्यात घरोघर सुकट शिजते, येणारच.

म्हणजे तिला तो सुकटीचा वाटतो. तो सुकटीचा नाही. तो सकुबाईचा आहे, ती माझ्यासाठी आली आहे. मी तिच्यावर खोटा आळ घातला, मेलेल्या बाईवर, तिच्या नवऱ्यासमोर— ती का सोडेल मला?

१३ जुलै

दिवा रोज विझतो. अंजूने लावणं सोडलेलं नाही. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून खालीच, मी फरशीला कान लावून बसते. काडीचा आवाज— मग काही नाही. मग पुन्हा काडी.

जेवण जात नाही. तोंडाला तोच वास.

लखमाच्या वाडीचा पत्ता मिळवला. जायचं, पाया पडायचं, सांगायचं. आसनगावला रिक्षात बसले, मुरबाडच्या फाट्यापर्यंत गेले— आणि रिक्षावाल्याला म्हटलं, परत फिरव.

१९ जुलै

जगनने भगताला बोलवायचं ठरवलं. मंगळ्या भगत, त्याच्याच वाडीचा. साईनाथदादा हसले, पण नको म्हणाले नाहीत. मी म्हणाले, लवकर बोलवा. सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले.

२२ जुलै

भगत मोटरसायकलवर आला. जीन्स घातलेला, तरणाच होता. सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्याशी बसला, तांदूळ हलवले, बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हातारी वंगाळ नाय. ती दारात बसलीय. कुणाच्या तरी तोंडून तिला काय आयकायचं हाय."

आम्ही चौघंच होतो. जगन, अंजू, साईनाथदादा आणि मी. भगत कुणाकडेच बघत नव्हता. म्हणाला, ज्याचं असेल त्यानं बोलावं, मग ती आपण होऊन जाईल. नाही कुणी बोललं तर तिला तिच्या वाडीच्या शिवेवर नेऊन सोडतो, पण मग ती इथे परत येणार नाही. कशालाच येणार नाही.

पाणी गळत होतं कुठेतरी. सांगायचं सगळं माझ्या जिभेवर होतं. तार— धूप— मी. एवढेच शब्द होते.

मी म्हणाले, न्या तिला.

त्याने मूठभर तांदूळ पळसाच्या पानांत बांधले. वरून दोरा गुंडाळला. तीच पुडी. मोटरसायकलला अडकवून घेऊन गेला. खोली अवसेपर्यंत बंद ठेवायला सांगितलं, दारं लावून, म्हणजे ती माघारी वळणार नाही. जगन आणि अंजू तोवर वाडीवर गेले.

निघताना मी अंजूला माझ्या आईचे पितळी दिवे दिले. दीपअवसेला परत येशील तेव्हा सगळे लाव म्हटलं. तिला केवढा आनंद झाला.

२३ जुलै

झोप लागली. किती दिवसांनी.

खोटं बोलून सुटले. वाईट वाटतं, पण सुटले. उद्या कंपनीच्या माणसाला फोन करणार, अगदी नक्की.

२४ जुलै

दुपारपासून ऑफिसात वास येतो आहे. आधी मनाचा खेळ वाटला. खाली उतारापर्यंत गेले, बंद खोलीच्या दाराखालून येतोय. इतका कधीच नव्हता.

पण ती गेली ना? तिला तर शिवेवर सोडलं—

संध्याकाळ. अवस आजच. जगनची मोटरसायकल आत्ता खिडकीसमोरून उतरली. मागे अंजू, मांडीवर दिव्यांची पिशवी. घासून लख्ख केलेत. एक वर धरून मला दाखवला, हात केला. मीही केला.

सुकट गेली, वास राहिला होता. सकुबाई गेली, वास आहे.

म्हणजे वास तिचा नव्हता. तेव्हाही नव्हता, आताही— पाइप. दारावरचा पाइप, कुणी बघितलाच नाही तो. जड असतो, खाली बसतो, तो माणूस सांगत होता. दोन दिवस दार बंद— मीच—

ती माझ्यासाठी आलीच नव्हती. ती दिवा विझवायला येत होती. रोज. त्या पोरीसाठी. आणि मी तिला—

खिडकीतून हाक मारली, पावसात ऐकू जात नाही. फोन लावला, बेसमेंटमध्ये लागत नाही. आत्ता फरशीखालून कुलपाचा आवाज आला.

धावत गेले तर का म्हणून विचारतील. सगळं सांगावं लागेल, तार, धूप, लखमा, सगळं— आणि मी हे लिहीत बसले आहे, अजून लिहीतच—

सकुबाई, ये गं. एकदा ये. पदर—

काडीचा आवाज. पहिली नाही पेटली.

जाते. सांगते तिला. अंजू, थांब, लावू नको, मीच